लॉ सीईटीची तयारी सोलापुरातून: कागदपत्रांपासून ऑप्शन फॉर्मपर्यंत

नवी पेठेतल्या एका दुकानात चादरीवर चिठ्ठी लावली आहे: ९०० रुपये. गिऱ्हाइकाने ९०० रुपये काढून काउंटरवर ठेवले. दुकानदार म्हणाला, "चिठ्ठी चुकून लागलीय, चादर १९०० ची आहे." प्रश्नासोबत नियम दिला आहे: 'दुकानात किंमत लिहून वस्तू मांडणे हा प्रस्ताव नव्हे, ते प्रस्तावाचे आमंत्रण होय. प्रस्ताव ग्राहक मांडतो. तो स्वीकारायचा की नाही हे दुकानदार ठरवतो.' तर ९०० रुपयांत चादर देणे दुकानदारावर बंधनकारक आहे का?

मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. कोर्ट सुटल्यावर ओळखीपाळखीतली चार-सहा पोरं लॉ सीईटीच्या, म्हणजे लॉच्या प्रवेशपरीक्षेच्या, तयारीला माझ्याकडे येऊन बसतात. दरवर्षी पहिल्या दिवशी मी हाच प्रश्न टाकतो. "सर, चिठ्ठी लावलीय की, मग द्यायलाच पाहिजे की!" निम्मी पोरं तरी असं म्हणतात. एखादा थेट ग्राहक आयोगात जायची भाषा करतो. उत्तर आहे: नाही, बंधनकारक नाही. दुकानदार लबाड असेलही, ग्राहक कायद्यात त्याच्यावर काही निघेलही, पण इथे ते विचारलेलंच नाही. समोर नियम दिलाय, घटना दिलीय, एवढ्यावरच उत्तर काढायचं. सीईटीत हुशार पोरं अडकतात ती इथेच. त्यांना न्याय करायचा असतो आणि पेपर फक्त नियम लावायला सांगत असतो.

ही एक सवय अंगी बाणवायला मला दोन-तीन महिने लागतात. बाकी सगळं वेळापत्रकाचं काम आहे.

आधी परीक्षा कोणती ते ठरवा

'लॉची एन्ट्रन्स' म्हटलं की दोन वेगळ्या परीक्षा एकत्र कालवल्या जातात. राज्य सीईटी कक्षाची एमएच-सीईटी लॉ महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांसाठी असते. ती २०१६ पासून सुरू झाली. त्यातही दोन पेपर वेगळे आहेत: बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीचा. दोन्ही संगणकावर, दोन तासांचे, १२० प्रश्न, १२० गुण. पूर्वी १५० प्रश्न असायचे. जुन्या पुस्तकात तो आकडा दिसला तर गोंधळू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

दुसरी क्लॅट, राष्ट्रीय विधी विद्यापीठांची. महाराष्ट्रात अशी तीन आहेत: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. क्लॅटही १२० प्रश्नांची आणि दोन तासांची, पण फक्त इंग्रजीत, लांबलचक उताऱ्यांवर आधारलेली, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापणारी. ती साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला होते, म्हणजे बारावीच्या ऐन वर्षात मध्यावर.

माझं मत विचाराल तर, ज्याचं इंग्रजी वाचन आठवी-नववीपासून आहे त्याने क्लॅट जरूर द्यावी. ज्याचं नाही त्याने बारावीच्या वर्षात क्लॅटच्या मागे पळून बोर्ड आणि सीईटी दोन्हींवर पाणी सोडू नये. पुण्याचं आयएलएस किंवा मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज सीईटीतूनच मिळतं, आणि ही काही दुय्यम कॉलेजं नाहीत. मुंबईचं तर १८५५ सालचं आहे.

पात्रतेला पाच वर्षांसाठी बारावी आणि तीन वर्षांसाठी पदवी लागते. खुल्या गटाला किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. वयाची वरची अट नाही. माझ्याकडे एकदा टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिणारे पंचेचाळिशीचे काका येत होते. वर्गातल्या पोरांपेक्षा त्यांचा करार कायदा पक्का होता, कारण आयुष्यभर दुसऱ्यांची उधारी वसूल केली होती.

प्रश्नांची वाटणी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण अभ्यासाचे तास त्याच प्रमाणात वाटायचे आहेत. पाच वर्षांच्या पेपरात कायदेविषयक कल ३२, तर्क ३२, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी २४, इंग्रजी २४ आणि गणित ८. तीन वर्षांच्या पेपरात इंग्रजी ४०, सामान्य ज्ञान ३२, कायदा २४, तर्क २४, गणित नाही. म्हणजे पदवीधरासाठी सर्वांत जड पारडं इंग्रजीचं आहे, कायद्याचं नाही. हे माहीत नसताना कायद्याची जाडजूड पुस्तकं घेऊन बसलेले पदवीधर मी दरवर्षी बघतो.

गड्ड्याच्या आधी कागदपत्रं

फॉर्म साधारण हिवाळ्यात निघतात. आपल्याकडे तेव्हा सिद्धरामेश्वरांच्या यात्रेची धामधूम असते, नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार. पोरं म्हणतात, यात्रा झाली की दाखले काढू. यात्रा झाली की बारावीची प्रात्यक्षिकं सुरू होतात. म्हणून मी दिवाळीच्या सुट्टीतच दाखल्यांची यादी हातात देतो.

लागतील ती अशी: दहावी-बारावीची किंवा पदवीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्व, राखीव गटात असाल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि गटाप्रमाणे नॉन-क्रिमिलेअर, आर्थिक दुर्बल घटकात असाल तर त्याचं प्रमाणपत्र. सीईटीचा फॉर्म भरताना यातलं सगळं लागणार नाही, पण प्रवेशफेरीत लागेल, आणि तेव्हा धावपळ करून मिळत नाही.

यात सर्वांत वेळखाऊ जात वैधता. सोलापुरात हे फार जाणवतं, कारण विणकामासाठी तेलंगणातून इथे आलेली कितीतरी पद्मशाली कुटुंबं पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पद्मशाली समाज महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात येतो. पण कुटुंब इथे कधीपासून राहतंय याचा जुना पुरावा मागितला जातो. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात. आजोबांचा शाळेचा दाखला, जन्माची नोंद, जुन्या गिरणीतला कागद, जे असेल ते आत्ताच शोधा. माळ्यावरची ट्रंक उघडायला कुणालाही आवडत नाही, पण ती उघडल्यावरच दाखला निघतो.

आणखी एक इथलीच अडचण सांगतो. तेलुगू किंवा कन्नड आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग शाळेत एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. फॉर्ममध्ये दहावीच्या गुणपत्रकाप्रमाणे नाव भरा आणि आधार आधीच दुरुस्त करून घ्या. परीक्षेच्या दारात ओळखपत्रावरचं नाव जुळत नाही म्हणून घाम फुटलेला मुलगा पाहिला आहे. बाहेर चाळीस डिग्री होती, पण घाम उन्हाचा नव्हता.

कायदेविषयक कल: नियम, घटना, उत्तर

या विभागात दोन जातीचे प्रश्न येतात. एकात नियम देऊन घटना देतात, दुसऱ्यात सरळ माहिती विचारतात. पहिल्यासाठी मी तीन पायऱ्या शिकवतो. आधी फक्त नियम वाचा आणि त्यातल्या अटी मोजा. मग घटना वाचताना प्रत्येक अट पूर्ण झाली की नाही ते बघा. शेवटी पर्यायांकडे जा, आणि ज्या पर्यायाचं कारण नियमातच आहे तो घ्या. 'होय' दोन पर्यायांत असतं, 'नाही'ही दोन पर्यायांत असतं. खरी निवड कारणात असते.

पार्क मैदानावरची मॅच घ्या. नियम असा: 'जो माणूस धोका माहीत असूनही स्वेच्छेने तो पत्करतो, त्याला त्या धोक्यातून झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही.' फलंदाजाने षटकार मारला आणि चेंडू प्रेक्षकात बसलेल्या एकाच्या कपाळाला लागला. अटी किती? दोन: धोका माहीत असणे आणि तो स्वेच्छेने पत्करणे. प्रेक्षकाला चेंडू येऊ शकतो हे माहीत होतं आणि तो आपणहून येऊन बसला. भरपाई नाही. आता तोच चेंडू भिंतीवरून बाहेर रस्त्यावर शेंगा विकणाऱ्याला लागला. त्याने काय पत्करलं होतं? तो मॅच बघायलाच आलेला नव्हता. दुसरी अट तुटली, नियम त्याच्या आड येत नाही. नियम तोच, चेंडू तोच, उत्तर उलटं.

पोरांना मी सांगतो, एकच घटना तीन प्रकारे बदलून स्वतः प्रश्न तयार करा. टॉवेल कारखान्याचा टेम्पो आहे, ड्रायव्हरने माल पोचवताना कुणाला धडक दिली. मालक जबाबदार, कारण नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीला मालक जबाबदार असतो. तोच ड्रायव्हर रविवारी न विचारता टेम्पो घेऊन सासुरवाडीला निघाला आणि धडक दिली तर? आणि मालाच्या वाटेवर दोन गल्ल्या आत वळून घरी डबा घ्यायला गेला तर? तिसऱ्यावर तासभर वाद होतो, होऊ द्यावा. वाद घालताना पोरं 'कामाच्या ओघात' या दोन शब्दांना चिकटायला शिकतात.

चार-पाच ठिकाणची तत्त्वं मात्र मुळातून वाचावीत, कारण तीच फिरून फिरून येतात. करार कायदा १८७२ चा. त्यात प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल म्हणजे वचनाच्या बदल्यातला मोबदला, आणि अज्ञानाशी, म्हणजे अठरा वर्षांखालच्याशी, केलेला करार रद्दबातल. हा शेवटचा मुद्दा प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये मोहरीबीबी खटल्यात पक्का केला. अपकृत्यांत, म्हणजे ज्यांची भरपाई मागता येते अशा दिवाणी चुकांत, निष्काळजीपणा, त्रास, बदनामी, अतिक्रमण. सोडाबाटलीत गोगलगाय निघालेला १९३२ चा स्कॉटलंडमधला खटला वाचा. उत्पादकाची ग्राहकाविषयी काळजी घेण्याची जबाबदारी तिथून उभी राहिली, आणि ही गोष्ट एकदा ऐकली की विसरत नाही. कौटुंबिक कायद्यात लग्नाची वयं, वारसा. फौजदारी कायद्यात हेतू आणि कृती यांचं नातं.

आता फौजदारीबद्दल एक सावधानता. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा गेले. त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. खून म्हटलं की ३०२ आपल्या जिभेवर बसलंय, आता ते कलम १०३ आहे. फसवणुकीचं चारसोबीस आता ३१८ मध्ये गेलं. दंड संहितेत ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. मोठ्या भावाचं किंवा मित्राचं जुनं गाईड वापरत असाल तर फौजदारीची पानं स्टेपल करून टाका. शिवी द्यायला चारसोबीस चालेल, पेपरात नाही.

संविधान हा सर्वांत भरवशाचा भाग. सगळं पाठ करायचं नाही. उद्देशिका, मूलभूत हक्क, त्यात अनुच्छेद १४, १९, २१, २१क आणि ३२, मार्गदर्शक तत्त्वं, ५१क ची अकरा कर्तव्यं, राष्ट्रपती, संसद, सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालयं, आणीबाणीचे ३५२, ३५६, ३६०. घटनादुरुस्त्यांत ४२ वी, ४४ वी, ६१ वी, ७३ वी-७४ वी, ८६ वी, १०१ वी, १०३ वी आणि महिला आरक्षणाची १०६ वी. घटनेची मूलभूत चौकट संसदेला बदलता येत नाही असं सांगणारा केशवानंद भारती निकाल, १९७३, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. खासगीपणाचा हक्क सांगणारा पुट्टस्वामी निकाल, २०१७.

आणि सोलापूरकराने एक अनुच्छेद तर हृदयावर कोरावा: ३४. एखाद्या भागात लष्करी कायदा लागू असताना मूलभूत हक्कांवर येणाऱ्या निर्बंधांविषयीचा हा अनुच्छेद फारसं कुणी वाचत नाही. आपल्या गावाने तो लष्करी कायदा भोगलाय. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. पुतळ्यांसमोरून रोज जाणाऱ्या पोरांना हे जोडून सांगितलं की ३४ पुन्हा विचारावा लागत नाही.

शब्द दोन्ही भाषांतले हवेत

सीईटीचा पेपर इंग्रजी आणि मराठीत असतो. इंग्रजीचा विभाग अर्थातच इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या पोरांना वाटतं आता सोपं झालं. मग 'महादेश', 'प्राकर्षण', 'क्वाधिकार' असे शब्द समोर येतात आणि मँडेमस, सर्शियोरराय, क्वो वॉरंटो वाचलेला मुलगा दचकतो. उलटही होतं. कायद्याची शासकीय मराठी ही आपल्या घरातली मराठी नव्हे, हे मान्य करून तिचा वेगळा अभ्यास करा.

एका छोट्या वहीत समोरासमोर लिहा: टॉर्ट म्हणजे अपकृत्य, कन्सिडरेशन म्हणजे प्रतिफल, डिफमेशन म्हणजे बदनामी, बेल म्हणजे जामीन, प्लेन्टिफ म्हणजे वादी, हेबियस कॉर्पस म्हणजे देहोपस्थिती. रोज सहा शब्द, तीन महिन्यांत पाचशेच्या वर होतात. पूर्व भागातली पोरं यात पटाईत निघतात. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी ऐकलेल्या पोराला एका वस्तूचे तीन शब्द असणं नवीन नसतं.

लॅटिन वचनं पंचवीस-तीस पुरेत: ऑडी आल्टरम पार्टेम, दुसऱ्या बाजूचं ऐकून घ्या, रेस इप्सा लोक्विटूर, गोष्ट स्वतःच बोलते, इग्नोरन्शिया ज्यूरिस नॉन एक्स्क्यूसॅट, कायदा माहीत नव्हता ही सबब नाही. अर्थासकट पाठ करा, नुसती नको.

सामान्य ज्ञान

याला शेवट नाही, म्हणून कुंपण घाला. चालू घडामोडी परीक्षेआधीच्या दहा-बारा महिन्यांच्या, आणि त्यातही कायद्याच्या अंगाने: नवे कायदे, मोठे निकाल, घटनात्मक पदांवरच्या नेमणुका, पुरस्कार, खेळ. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. आम्हा वकिलांच्या मुंबईच्या फेऱ्या वाचल्या, आणि तुमच्यासाठी तो एक तयार प्रश्न आहे: सहा जिल्हे कोणते? कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग.

स्थिर भागात महाराष्ट्राचा इतिहास-भूगोल, स्वातंत्र्यलढा, समाजसुधारक. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ते धरून बौद्धिक संपदेचं एक पान करा. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, नोंदणी दहा वर्षांची आणि पुन्हा नूतनीकरण करता येणारी. पेटंट वीस वर्षांचं.

रोज एक मराठी वर्तमानपत्र, अर्धा तास, हातात पेन घेऊन. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जागा गावात आहे, तिथे बसा. मोबाइलवर बातम्या वाचायला बसलेला मुलगा तासाभराने क्रिकेटचे तुकडे बघताना सापडतो.

इंग्रजी

पदवीधरांचा निकाल इथेच लागतो. मराठीत विचार करून इंग्रजी लिहिताना आपण ठरावीक चुका करतो आणि पेपर काढणाऱ्यांना त्या माहीत असतात. आपण 'त्याबद्दल चर्चा' करतो म्हणून 'डिस्कस अबाउट' म्हणतो. इंग्रजीत नुसतं 'डिस्कस'. 'परत फिरणे' म्हणून 'रिटर्न बॅक', तिथे 'बॅक' नको. 'त्याच्यापेक्षा सिनियर' म्हणून 'सिनियर दॅन'. हवं 'सिनियर टू'. 'कोप अप विथ' नाही, 'कोप विथ'. 'वन ऑफ द' नंतर नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. अशा चाळीस-पन्नास चुकांची यादी केली तर व्याकरणातले बरेच प्रश्न तिथेच सुटतात.

उरलेलं वाचनाने. रोज एक इंग्रजी अग्रलेख, मोठ्याने वाचायचा, न कळलेले पाचच शब्द काढायचे. पाचाहून जास्त काढले की तिसऱ्या दिवशी वही बंद पडते.

तर्क आणि गणित

इथे सराव सोडून दुसरं काही नाही. बैठकव्यवस्था, नातेसंबंध, संकेतभाषा, दिशा, मालिका, विधान-निष्कर्ष. विधान-निष्कर्षात पुन्हा चादरीचाच दगा होतो: 'सर्व चादरी सुती आहेत. काही सुती वस्तू महाग आहेत. म्हणून काही चादरी महाग आहेत.' पटतं, पण निघत नाही. महाग सुती वस्तू टॉवेलच असू शकतील. वर्तुळं काढा, मनावर विसंबू नका.

गणित आठ गुणांचं, फक्त पाच वर्षांच्या पेपरात: शेकडेवारी, नफा-तोटा, सरासरी, गुणोत्तर, काळ-काम. ६ माग ८ तासांत ९६ टॉवेल विणतात, तर ९ माग ६ तासांत किती? एका मागाचे तासाला २, म्हणून १०८. ही पातळी. गणिताची भीती असेल तरी आठातले पाच सोडू नका.

वेळापत्रक, माणूस बघून

बारावीच्या मुलाने जूनपासून जानेवारीपर्यंत रोज दीड तासापेक्षा जास्त देऊ नये: अर्धा तास वर्तमानपत्र, अर्धा तास इंग्रजी, अर्धा तास आलटून पालटून कायदा आणि तर्क. फेब्रुवारी-मार्च बोर्डाला द्या, फक्त वर्तमानपत्र सोडू नका. शेवटचा बोर्डाचा पेपर झाला की दोन दिवस झोपा. मग परीक्षेपर्यंत जितके आठवडे हातात असतील ते पूर्णवेळ: सकाळी उन्हाआधी तर्क आणि गणित, दुपारी वाचन, संध्याकाळी सराव पेपर. परीक्षा साधारण मार्च ते मे या काळात होतात, तीन वर्षांची आणि पाच वर्षांची वेगवेगळ्या दिवशी. नेमकी तारीख सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर बघा, मित्राच्या स्टेटसवर नाही.

नोकरी करणाऱ्याचं गणित वेगळं. त्याला रोज एक तास आणि रविवारी पाच तास मिळतात. त्याने सामान्य ज्ञानाचा हव्यास सोडून इंग्रजी आणि कायदा धरावा; दोन्ही मिळून ६४ गुण होतात. वीज जाते, पाणी चार-पाच दिवसांआड येतं त्या दिवशी घरात कुणाचाच अभ्यास होत नाही, हे धरूनच आखणी करा. सात दिवसांचं वेळापत्रक सोलापुरात चालत नाही, सहाचं करा.

सराव पेपर आणि चुकांची वही

पहिला पूर्ण पेपर तयारी सुरू झाल्यावर महिन्याभरात द्या, कितीही कमी गुण पडोत. शेवटच्या महिन्यात आठवड्याला तीन. संगणकावर द्या, कागदावर १२० प्रश्न सोडवणारा पडद्यावर वीस मिनिटं हळू पडतो. घरी संगणक नसेल तर शेवटच्या महिन्यात सायबर कॅफेत तास घ्या.

वेळेची माझी वाटणी पाच वर्षांच्या पेपरासाठी अशी: सामान्य ज्ञान १० मिनिटं, इंग्रजी २०, कायदा ३५, तर्क ४०, गणित १२. तीन मिनिटं उरतात ती राहिलेल्या प्रश्नांवर टिचकी मारायला. सामान्य ज्ञान आधी घ्या, कारण तिथे येतं किंवा येत नाही, विचार करून आठवत नाही.

एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. हे मी माझ्या अंगावर शिकलो. २०१६ ला, सीईटीच्या पहिल्याच वर्षी, बी.कॉम. करून मी बसलो होतो. त्याआधी दोन वर्षं बँकेच्या परीक्षा दिलेल्या, चुकलं की गुण कापतात ही धास्ती हाडात मुरलेली. सूचना नीट वाचल्या नाहीत आणि तेवीस प्रश्न सोडून दिले. चारातला एक पर्याय डोळे मिटून लावला असता तरी सरासरी पाच-सहा गुण पदरात पडले असते, आणि तेवढ्यानेच माझं पसंतीचं कॉलेज हुकलं. क्लॅटमध्ये मात्र हिशेब निराळा: तिथे चारही पर्याय सारखेच परके वाटत असतील तर आंधळा नेम जवळपास फुकट जातो, एखादा पर्याय खात्रीने कापता आला तरच ठोका.

पेपर दिल्यावर खरं काम सुरू होतं. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत, समोर एका शब्दात कारण: 'माहीत नव्हतं', 'घाई', 'नियम सोडला', 'शब्द कळला नाही'. दोन आठवड्यांनी मोजा. बहुतेकांचं 'माहीत नव्हतं' कमी आणि 'नियम सोडला' जास्त निघतं. अशांनी नवीन पुस्तक घेऊ नये, त्याच प्रश्नांकडे परत जावं.

परीक्षेचा दिवस

फॉर्ममध्ये केंद्राच्या पसंतीत सोलापूर पहिलं टाका. पुणे आलं तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसवर भिस्त ठेवू नका, पहिल्या सत्राला ती पोचवणार नाही. आदल्या दिवशीच जा, नातेवाइकांकडे मुक्काम करा. गावातच केंद्र असेल तर आदल्या संध्याकाळी जाऊन इमारत बघून या, अक्कलकोट रोड, होटगी रोड, विजापूर रोड ही अंतरं शहरातच मोठी आहेत. प्रवेशपत्राची छापील प्रत, मूळ ओळखपत्र, पाण्याची बाटली, डोक्याला रुमाल. सकाळी ताक-भाकरी खाऊन जा, शेंगा चटणी परीक्षेनंतर.

निकालानंतर

परीक्षा अनेक सत्रांत झाली की पर्सेंटाइलमध्ये निकाल लागतो, त्यामुळे शेजारच्याशी कच्चे गुण जुळवत बसू नका. मग केंद्रीय प्रवेशप्रक्रिया, म्हणजे कॅप: नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, गुणवत्ता यादी, आणि ऑप्शन फॉर्म. ऑप्शन फॉर्ममध्ये पोरं 'हे मिळणारच नाही' म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकतात. असं करू नका. वरून खाली खऱ्या आवडीने लिहा. न मिळणारं कॉलेज वर टाकल्याने खालचं हुकत नाही. मात्र जिथे जायचंच नाही ते नाव यादीत घालू नका, कारण तेच मिळालं तर अडकाल.

पुणे-मुंबईचा खर्च घरात जड जात असेल तर ते आधीच बोलून घ्या, यादी लागल्यावर नाही. आपल्या गावात दयानंद लॉ आहे, कोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर मानायला हरकत नाही, आणि पहिल्या वर्षापासून एखाद्या वकिलाच्या हाताखाली बसता येतं ही सोय मोठ्या शहरातल्या पोरांना सहज मिळत नाही. मुलींसाठी आणखी एक: कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींना शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. कॅपमधून प्रवेश घ्या आणि महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज वेळेत भरा.

गेल्या वर्षी चादरीच्या प्रश्नावर सर्वांत जोरात भांडलेली मुलगी आता लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात ऑफिसात आली आणि म्हणाली, "सर, पण चिठ्ठी मुद्दाम चुकीची लावली असेल तर? तेव्हा पण आमंत्रणच का?" मी तिला करार कायद्यातलं फसवणुकीचं कलम १७ काढून दिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.